सातवी फळी

होडी वर घ्यायला यंदा अकरा माणसं लागली.
पूर्वी सहा पुरत.
होडी काही वाढलेली नाही.

अकरांतले तिघे नेपाळचे, समोरच्या ट्रॉलरवरचे,
एक पोस्टमन, सायकल माडाला टेकवून आलेला,
आणि उरलेल्यांत, मला धरून,
साठीच्या अलीकडचा कोणी नाही.
ओंडक्यांना मुशीचं तेल चोपडलं
तरी वाळूनं आम्हाला दोनदा बसवलं.
चहाचे पैसे मी दिले.

तारामुंबरीच्या या पुळणीवर
लाकडाची ही एकच राहिली.
बाकी सगळ्या फायबरच्या,
पांढऱ्या, हलक्या, टबासारख्या.
त्यांना तेल नको, राळ नको, कापूस नको,
दुपारी शेजारी कोणी बसायलाही नको.
पुतण्या म्हणतो, काका, अनुदान आहे, फॉर्म भरूया.
फॉर्म आणलाय त्याने.
त्यावर मी तांब्याचे खिळे ठेवतो, मोजून.

दर मे महिन्यात तेच.
तळाची काळवं खरवडायची,
शिवणीतला जुना कापूस आकड्यानं ओढायचा,
नवा पिळून, राळेत बुडवून, ठोकत जायचं.
हे मी पूर्वी ओणव्यानं करायचो.
आता स्टूल. निळं, प्लास्टिकचं.
एका हातानं काम, दुसऱ्यानं होडीला धरायचं.
कोण कोणाला धरून आहे
ते लांबून बघणाऱ्याला कळू नये.

डॉक्टर म्हणाले, गुडघ्यातली गादी झिजली.
मी विचारलं, बदलता येते?
येते म्हणाले, कोल्हापूरला. किंमत सांगितली.
तेवढ्यात दोन्ही अंगांच्या फळ्या
आणि वर एक जुनं यामाहा मशीन येतं.
मी गोळ्या घेऊन परत आलो.

फळ्या मात्र तपासाव्या लागतात, एकेक.
हातोडीच्या दांड्यानं टकटक.
भरीव लाकूड थोडकं बोलतं,
पोखरलेलं लांबण लावतं.
हे वडिलांनी शिकवलं.
कान गेल्यावर काय करायचं, ते नाही.
त्यांचे शेवटपर्यंत शाबूत होते.

माझा उजवा मशीननं खाल्ला,
तीस वर्षं त्याच अंगाला बसून.
डावा आपल्या मर्जीनं ऐकतो.
म्हणून तीन वर्षं झाली, शालन येऊन बसते,
डोक्यावर पदर, मांडीवर सूप.
मी ठोकतो, ती ऐकते.
"बरी आसा."
पुढची.
"बरी आसा."
जवळ्यातला कचरा वेचता वेचता, वर न बघता.
जन्मात होडीत बसलेली नाही ती,
धक्क्यावर उभी राहिली तरी तिला मळमळतं,
पण लाकडाच्या पोटातलं
मेस्त्रीच्या आधी तिला कळतं.

सातवी फळी. डावं अंग, वरून मोजत.
मी ठोकलं.
तिची बोटं थांबली. "परत मार."
मारलं.
"पोकळ," म्हणाली. "पुरी काढूक व्हयी."

आता, कान गेला म्हणून तळहात गेलेला नाही.
दांड्यातून हाताला जे आलं ते भरीव होतं.
उंडीचं लाकूड,
बाबल मेस्त्रीनं बसवलेलं, चारच वर्षांपूर्वी.
मी तिच्याकडे पाहिलं.
ती सुपाकडे.

गेल्या पौषात, खडपांच्या बाहेर,
मी चक्कर येऊन जाळ्यावर पडलो होतो.
ते तिला सांगायचं नाही
असं पुतण्याचं नि माझं ठरलं होतं.

फळी काढायची म्हणजे मेस्त्री,
मेस्त्री म्हणजे गणपतीनंतर, त्याच्या सवडीनं,
मग लाकूड, मग ते वाळायची वाट,
मग दिवाळी,
म्हणजे अर्धा हंगाम काठावर.
एवढा सगळा हिशोब तिनं
एका शब्दात बसवला होता,
एकही खिळा न मारता.

मी खिशातून खडू काढला.
सातव्या फळीवर फुली मारली, मोठी,
तिला बसल्या जागेवरून दिसेल अशी.

"आठवी?" मी म्हणालो.
"मार," ती म्हणाली.